एक्झॉस्ट बदलला, अकरा दिवसांनी चेक इंजिनचा दिवा – कॅटकॉन खरंच गेला का?

घाटवाट | ९ जून, रात्री १०:४२

मंडळी, नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, बाराशे सीसी, बीएस-४, ७१ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. टाकलं की पहिल्या पाच प्रतिसादांत "ती गाडीच तसली" सुरू होतं आणि माझा प्रश्न राहतो बाजूला.

मे महिन्यात मधला पाइप गंजून भोक पडलं. कंपनीचा पूर्ण सेट महाग वाटला आणि खरं सांगायचं तर आवाजाचा मोहही होताच. एका फॅब्रिकेटरकडून कॅटकॉनच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर शुद्ध करणारा डबा) मागचं सगळं नवं करून घेतलं : पुढचा पाइप, फ्लेक्स (लवचिक तुकडा), दोन इंची मधला पाइप, शेवटी स्टेनलेसचा मफलर. कॅटकॉन मूळचाच आहे, त्याला हात लावलेला नाही. मागचा ऑक्सिजन सेन्सर जुनाच, फक्त तो बसवायला नव्या पाइपावर नट वेल्ड केला.

अकरा दिवस काही नाही. मग कोल्हापूरहून पुण्याला जाताना कराड ओलांडलं आणि पिवळा दिवा लागला. गाडी पळते तशीच, पिकअप तोच, ॲव्हरेज तोच. पुण्यात एका गॅरेजला स्कॅनर लावला, कोड पी०४२०, म्हणजे कॅटकॉन नीट काम करत नाही. ते म्हणाले, कॅटकॉन गेला, बत्तीस हजार. दुसऱ्यांनी मागचा सेन्सर बदला म्हणून साडेचार हजार सांगितले. तिसऱ्यांनी शंभर रुपये घेऊन कोड उडवून दिला. चौथ्या दिवशी दिवा परत हजर.

आता यातलं कोणाचं खरं मानू?

पान्ना१०-१२ | ९ जून, रात्री १०:५८

कोणाचंच नको. सेन्सर आणि पाइप यांच्या मध्ये लावायचा अडॅप्टर मिळतो, नाना पेठेत कुठेही विचारा. सेन्सर पाइपातून जरा बाहेर सरकतो, त्याला धूर कमी लागतो, दिवा गायब. दोन-तीनशे रुपयांत विषय संपला.

उद्यमनगरी | ९ जून, रात्री ११:२०

घाटवाट भावा, आधी एक सांग. दिवा नुसता लागलेला हाय का लुकलुकतोय? नुसता लागला असंल तर गडबड नाही, आठवडाभर फिरव. लुकलुकत असंल तर गाडी बाजूला घे आणि बंद कर, बाकीच्या गप्पा मग.

घाटवाट | ९ जून, रात्री ११:२६

नुसता लागलेला आहे. एकदाही लुकलुकला नाही.

चक्रधर | १० जून, सकाळी ६:१५

निवृत्त माणूस आहे, नोकरीची बहुतेक वर्षं इंजिन टेस्टिंगमध्ये गेली. त्यामुळे थोडं लांबण लागेल, चालवून घ्या.

पी०४२० वाचून कॅटकॉन मागवणं ही सगळ्यात महाग चूक. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कॅटकॉन दिसतच नाही. त्याला दिसतात फक्त दोन सेन्सर, एक कॅटकॉनच्या आधी आणि एक नंतर. पुढचा सेन्सर सतत वर-खाली होत असतो, साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट, कारण ईसीएम पेट्रोल किंचित जास्त, किंचित कमी असं मुद्दाम करत राहतो. कॅटकॉनच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या सोबत सिरियमचं ऑक्साइडही असतं. ते जादा ऑक्सिजन साठवतं आणि कमी पडला की सोडतं. त्यामुळे मागे पोहोचेपर्यंत ते हेलकावे जिरून जातात आणि मागचा सेन्सर ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ रेघ काढतो. ही रेघ पुढच्यासारखी नाचायला लागली की ईसीएम म्हणतो, साठवण संपली, आणि पी०४२० टाकतो.

पण मागची रेघ नाचायला कॅटकॉनच मरावा लागतो असं नाही. सायलेन्सर फक्त बाहेर फुंकतो असा एक समज आहे. प्रत्यक्षात धूर धक्क्याधक्क्याने येतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. सांध्याला फट असेल तर तेवढ्यात बाहेरची हवा आत ओढली जाते. मागच्या सेन्सरजवळ असं झालं की त्याला अचानक ऑक्सिजन दिसतो. कॅटकॉन बिचारा ठणठणीत आणि नाव मात्र त्याचं.

तुमच्या गाडीत नेमकं मागचं सगळं उघडून जोडलेलं आहे, म्हणून संशय तिथून सुरू करू. मला चार गोष्टी हव्यात.

एक, फ्रीझ फ्रेम. दिवा लागला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, लोड वगैरे ईसीएम जपून ठेवतो. कोड उडवला की तीही जाते, म्हणून आता कोणाला उडवू देऊ नका.
दोन, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी देतोय ते, आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर सोडलेला) आणि २५०० आरपीएमवर.
तीन, मागच्या सेन्सरचा आलेख, तोही या दोन्ही वेळांचा.
चार, पीयूसीचा कागद. एक्झॉस्ट बदलल्यानंतरचा असला तर फारच छान.

यासाठी गॅरेजची गरज नाही. ईएलएम ३२७ वाला साधा ब्लूटूथ डोंगल स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावा, फोनवर टॉर्क किंवा तसलं कुठलंही ॲप चालेल.

निवांत पाटील | १० जून, सकाळी ७:४०

सकाळी सकाळी दंडवत. वाखु (वाचनखूण) साठवली.

पान्ना१०-१२ | १० जून, सकाळी ९:०५

एवढं सगळं करण्यापेक्षा अडॅप्टर. मी दोन वर्षं वापरतोय, काही होत नाही.

चक्रधर | १० जून, सकाळी ९:३१

पान्नासाहेब, काही होत नाही की काही कळत नाही? उद्या कॅटकॉनची जाळी ढासळून पाइप चोंदला तरी तुमचा दिवा गप्पच राहणार.

कलमबहाद्दर | १० जून, दुपारी १२:१०

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कोणी वाचलंय का? उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. शिवाय कलम १९०(२) : आवाज किंवा धुराचे निकष मोडले तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर परवाना तीन महिने रद्द. धागाकर्त्याने मुळात आवाजाच्या मोहात पडायलाच नको होतं.

पान्ना१०-१२ | १० जून, दुपारी १२:१४

आले वकील. पोलीस काय सेन्सर उघडून बघणार आहेत?

कलमबहाद्दर | १० जून, दुपारी १२:१९

कान आहेत ना त्यांना. आणि जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवतानाचे फोटो पेपरात येतात, ते बघा.

संपादक | १० जून, दुपारी १:००

कायद्याची बाजू मांडून झाली आहे, तेवढी पुरे. वैयक्तिक शेरेबाजी उडवली आहे. धागा गाडीच्या दुरुस्तीचा आहे.

सुलेखा_ठाणे | १० जून, दुपारी ३:४५

माझा अनुभव थोडा वेगळा आहे पण उपयोगी पडेल. मीही मागचा पाइप बदलून घेतला होता आणि महिन्याभरात पी०१४१ आला, म्हणजे मागच्या सेन्सरच्या हीटरचा कोड. गॅरेजवाल्यांनी लगेच नवा सेन्सर सुचवला. मी म्हटलं, आधी मीटर लावू.

सेन्सरला चार वायरी असतात : दोन हीटरच्या, एक सिग्नल, एक ग्राउंड. माझ्यात दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी ग्राउंडची. (काही कंपन्यांत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल आणि पांढरी ग्राउंड असते, म्हणून रंगावर डोळे झाकून विश्वास नको.) कनेक्टर काढून दोन पांढऱ्यांच्या मध्ये ओहम मोजले तर नऊच्या आसपास आले. म्हणजे हीटर जिवंत. मग गाडीकडून येणाऱ्या बाजूला व्होल्टेज बघितलं तर शून्य. फ्यूज उडालेला. नवा टाकला, दोन दिवसांत तोही उडाला.

शेवटी गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा कळलं. नवा नट जुन्या जागेपासून वीतभर मागे होता, वायर ताणून बसवलेली, क्लिप निघालेली आणि वायर पाइपाला टेकून वितळलेली. तांबं उघडं पडून बॉडीला लागत होतं. सेन्सर आजही तोच आहे.

घाटवाट, तुमचाही नट नवा आहे. वायर कुठून जाते ते एकदा खाली वाकून बघा.

हडसनकाठ | १० जून, रात्री ८:३०

न्यू जर्सीतून. इकडे इन्स्पेक्शनला गाडीच्या सॉकेटमध्येच केबल लावतात. चेक इंजिनचा दिवा जळत असेल तर सरळ नापास. आदल्या दिवशी कोड उडवून गेलात तरी पकडले जाता, कारण कोडबरोबर ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात आणि त्या पूर्ण नाहीत हे स्क्रीनवर दिसतं. बॅटरी काढून ठेवली तरी बहुतेक गाड्यांत तेच. इथल्या देशी मंडळींचा हा आवडता उद्योग, दर वर्षी कोणीतरी तोंडघशी पडतो.

घाटवाटचा दिवा चौथ्या दिवशी परत का आला याचंही उत्तर यातच आहे. कॅटकॉनची चाचणी गाडी गरम, वेग बऱ्यापैकी स्थिर असताना होते, आणि बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत नापास झाल्याशिवाय दिवा लागत नाही. गावातल्या गावात फिरलात तर चाचणीच होत नाही.

घाटवाट | ११ जून, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. हडसनकाठ, अगदी बरोबर. ते अकरा दिवस मी राजारामपुरी ते शाहूपुरी एवढाच फिरत होतो. हायवेला लागलो आणि दिवा पेटला.

आकडे घ्या.

फ्रीझ फ्रेम : कूलंट ८९ अंश, वेग ६४, आरपीएम १९५०, लोड २६ टक्के.
लाँग टर्म ट्रिम : आयडलला +३.९, २५०० वर +२.३.
मागचा सेन्सर : आयडलला ०.१ ते ०.७ मध्ये वेड्यासारख्या उड्या, काही ताल नाही. २५०० वर धरून ठेवलं तर पंधरा-वीस सेकंदांत ०.६५ ला येऊन गप्प बसतो. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.
पीयूसी (५ जूनचा, म्हणजे नव्या एक्झॉस्टसकट) : आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.०५ टक्के, एचसी (न जळलेलं पेट्रोल) ४१ पीपीएम. हाय आयडलला सीओ ०.०३, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, आदर्श १) १.०१.

सुलेखाताई, वायर बघितली. थोडी ताणलेली आहे पण कशाला टेकत नाही. पी०१४१ नाही, पेंडिंगमध्येही (दिवा न लावता नोंदलेल्या कोडांत) नाही.

चक्रधर | १२ जून, सकाळी ६:०५

उत्तम. एवढे नीट आकडे आमच्या ट्रेनी पोरांकडूनही मिळायचे नाहीत.

आधी ट्रिम. फट पुढच्या सेन्सरच्या आधी असती, म्हणजे मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेल्या पहिल्या पाइपाच्या) पॅकिंगला, तर त्याला फसवा ऑक्सिजन दिसला असता. ईसीएमला वाटलं असतं मिश्रण पातळ आहे, आणि तो पेट्रोल ओतत बसला असता. आयडलला ट्रिम +१२, +१५ कुठेतरी दिसली असती आणि आरपीएम वाढवल्यावर खाली आली असती. इनटेकच्या बाजूला व्हॅक्यूमची गळती असली तरी हेच चित्र दिसतं, लोक तिथे फसतात. तुमचे +३.९ आणि +२.३ हे अगदी सरळमार्गी आकडे आहेत. इंजिनापासून कॅटकॉनपर्यंत काही बिघडलेलं नाही.

आता मागचा सेन्सर. कॅटकॉन खरंच मेला असता तर २५०० वर स्थिर धरल्यावर मागच्याने पुढच्याची नक्कल केली असती, त्याच तालात वर-खाली. तुमचा तिथे शांत होतो आणि आयडलला बेताल नाचतो. हवा ओढली जाते ती हलक्या लोडवर. प्रवाह जोरात असला की फट असूनही आत ओढायला फारसा वाव राहत नाही. फ्रीझ फ्रेममधला २६ टक्के लोड म्हणजेही पाय जवळजवळ उचललेलाच.

पीयूसीचा कागद दुजोरा देतो. बीएस-४ पेट्रोलला आयडलची मर्यादा सीओ ०.३ टक्के, एचसी २०० पीपीएम. मेलेला कॅटकॉन घेऊन ०.०५ येत नाही. कोणी म्हणेल, फटीतून हवा शिरून धूर पातळ झाला म्हणून आकडा कमी आला. शंका रास्त आहे, पण हाय आयडलचा लॅम्डा १.०१ आहे. भरपूर हवा शिरली असती तर तो १.०३ च्या वर गेला असता आणि तुम्हाला कागदच मिळाला नसता.

म्हणजे उरली जागा कॅटकॉन आणि मागचा सेन्सर यांच्या मधली. तिथे दोनच गोष्टी आहेत, फ्लँजचा (पाइप बोल्टने जोडणाऱ्या चकत्यांचा) सांधा आणि नटाचं वेल्डिंग.

शोधायची पद्धत : गाडी रात्रभर गार झालेली हवी. व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकणाऱ्या बाजूला लावा, सायलेन्सरच्या तोंडात घाला, भोवती फडकं कोंबा. चालू करा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. कॉम्प्रेसरची नळी थेट लावू नका, एवढ्या दाबाची गरज नाही. आणि जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा किंवा रॅम्पवर घ्या. हे तिसऱ्यांदा वाचा.

निवांत पाटील | १२ जून, सकाळी ८:२०

पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)

घाटवाट | १४ जून, दुपारी २:३०

रविवार सत्कारणी लागला.

मित्राच्या पिटवर गाडी घेतली. व्हॅक्यूम क्लीनर आईचा. "त्यात धूर गेला तर नवा आणायचा" या अटीवर मिळाला. बाबा मागे नळी धरून बसले, मी खाली. बाटलीत भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी.

आधी नटाचं वेल्डिंग भिजवलं. काही नाही. मफलरच्या सांध्याला दोन-चार बुडबुडे, तो सेन्सरच्या बराच मागे आहे म्हणून सोडला. मग कॅटकॉनचा फ्लँज. खालच्या बाजूने कोरडा ठाक. मी जवळजवळ नाद सोडला होता, तेवढ्यात बाबा वरून म्हणाले, "फस्स आवाज येतोय रे कुठूनतरी." वरची कड खालून दिसतच नाही. मोबाइल सेल्फीवर टाकून पाइपाच्या वर सरकवला. फ्लँजच्या वरच्या कडेला बोटभर लांब फेस उतू जात होता, आणि त्याच्या शेजारी काजळ घातल्यासारखी काळी रेघ. म्हणजे धूर तिथून रोज बाहेर पडत होता, माझं लक्ष नव्हतं.

बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून अर्धा तास थांबलो. चौदाचा पाना. उघडल्यावर आत काय असावं? जुनंच पॅकिंग, दाबून पापडासारखं झालेलं, आणि भोवतीने लाल सिलिकॉन थापलेलं. आतल्या बाजूचं सिलिकॉन जळून भुगा झालं होतं.

मग नव्या फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून मागून टॉर्च मारला. पट्टीखालून उजेड स्पष्ट दिसतो. ०.४ एमएमची फीलर पट्टी (फट मोजायची) मध्यभागी आरपार जाते. कॅटकॉनच्या बाजूचा फ्लँज मात्र सपाट. यांचा पाच एमएमच्या पट्टीतून कापलेला, कंपनीचा जवळजवळ दुप्पट जाड.

आणखी एक. सेन्सरचा नट पाइपाच्या अगदी खाली आहे, सेन्सर जमिनीकडून वर घुसतो. हे बरोबर आहे का?

चक्रधर | १४ जून, संध्याकाळी ५:१०

सापडला म्हणायचा. बाबांच्या कानांना नमस्कार सांगा.

नट खाली ही मोठी चूक. गार पाइपात धुरातल्या वाफेचं पाणी होऊन तळाशी साचतं. सेन्सरच्या आत सिरॅमिक असतं, हीटरने ते तापलेलं असताना पाण्याचा थेंब पडला की तडकू शकतं. म्हणून सेन्सर नेहमी आडव्या रेषेच्या वर, निदान दहा अंश तरी वर झुकलेला हवा. घड्याळात बघायचं तर दहा ते दोनच्या मध्ये. तुमचा सहावर आहे, त्यात पावसाळा तोंडावर.

लाल सिलिकॉनबद्दल : साधं सिलिकॉन तापलं की त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते आणि सेन्सर मंद होत जातो. टोक बघून रंग सांगा.

घाटवाट | १४ जून, संध्याकाळी ५:२२

राखाडी, थोडा तपकिरीकडे झुकणारा. पांढरं काही नाही.

चक्रधर | १४ जून, संध्याकाळी ५:२५

वाचलात. साडेचार हजारही वाचले.

उद्यमनगरी | १४ जून, रात्री ९:४०

आता माझं ऐक. तो फ्लँज घासून सरळ करत बसू नको. पाइपासकट मशिनवर बसत नाही आणि हाताने घासला तर कडा गोल होतात. कापून टाक. दहा एमएमच्या प्लेटचा नवा कर. वाकतो का, तर एका दमात गोल वेल्डिंग मारलं की पातळ प्लेट तापून वाटीसारखी होते. म्हणून वेल्ड करताना फ्लँजला मागून जाड प्लेट बोल्ट करायची, आर्गन वेल्डिंगनं समोरासमोर टाके टाकायचे, एक इकडं, एक तिकडं, मध्ये गार होऊ द्यायचं. पूर्ण गार झाल्यावरच मागची प्लेट सोडायची. घाई केली की परत वाकला.

पॅकिंग ग्रॅफाइटचं पत्र्यात मढवलेलं घे, कंपनीचं मिळालं तर तेच. सिलिकॉनचा थेंब नको. नट त्याच वेळी वर घे, वायर पण सैल होईल.

शिवाजी उद्यमनगरात ये, काम समोर उभं राहून करून घेऊ. चहा तुझा.

पान्ना१०-१२ | १४ जून, रात्री १०:०२

म्हणजे अडॅप्टर लावला असता तर फट तशीच राहिली असती. बरं, मान्य.

कलमबहाद्दर | १४ जून, रात्री १०:०६

स्क्रीनशॉट घेतला आहे.

घाटवाट | २३ जून, रात्री १०:१५

उशीर झाला, पण मुद्दाम पुण्याची फेरी होऊ दिली.

उद्यमनगरी यांच्याबरोबर अख्खी दुपार गेली. नवा फ्लँज, नट एक वाजताच्या जागेवर, नवं पॅकिंग, नवे बोल्ट. सेन्सरच्या आट्यांना थोडं अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं मलम) लावलं, टोकाला लागू न देता. मजुरी आणि सामान मिळून अठराशे, अधिक चार चहा आणि एक मिसळ (त्यांचा आग्रह). मूळ फॅब्रिकेटरला फोन केला तर म्हणाले, "सगळ्यांना असंच देतो, कोणाची तक्रार नाही."

पट्टी ठेवून बघितलं, उजेड नाही. परत क्लीनर, परत साबण, फ्लँज कोरडा. मग कोड उडवला. आयडलला मागचा सेन्सर आता ०.६४ ते ०.७०, सपाट. ट्रिम +२.३ आणि +१.६.

कोल्हापूर ते पुणे आणि परत. जाताना साताऱ्याच्या पुढे ॲपमध्ये कॅटकॉनची चाचणी "पूर्ण" झाली, परत येताना दुसऱ्यांदा. पेंडिंग कोड नाही. दिवा नाही. गंमत म्हणजे आवाजही बदलला. आयडलला जो फुटका, फटफट सूर येत होता आणि मला तो भारी वाटत होता, तो सगळा त्या फटीचा होता. आता गाडी जवळजवळ कंपनीसारखी वाजते. बायको खूश आहे.

निवांत पाटील | २३ जून, रात्री १०:३१

म्हणजे आवाजासाठी दिलेले पैसे वाया.

घाटवाट | २३ जून, रात्री १०:३३

बोलू नका.

सुलेखा_ठाणे | २३ जून, रात्री १०:५०

अभिनंदन. वायरला क्लिप मारून घ्या मात्र. सैल असली की लोंबते.

नवखा_वाळवा | २४ जून, सकाळी ७:१२

छान धागा. माझाही तोच प्रॉब्लेम दिसतोय. मागच्या वर्षी एक्झॉस्ट बदललाय, आज सकाळपासून चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, गाडी थोडी थरथरतेय. पॅकिंग असेल का? पुण्याला निघालोय, तिकडे पोहोचून दाखवतो.

उद्यमनगरी | २४ जून, सकाळी ७:१४

कुठं आहेस?

नवखा_वाळवा | २४ जून, सकाळी ७:१५

पेठ नाक्यावर, नाश्त्याला थांबलोय.

उद्यमनगरी | २४ जून, सकाळी ७:१६

तिथंच थांब. चावी काढ. एक सिलिंडर मारत नाही, कच्चं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन पेटतंय. पुण्यापर्यंत गेलास तर जाळी वितळंल. कॉइल नायतर प्लग असंल, इस्लामपूरहून कोणीतरी बोलव. नवा धागा काढ, कोड टाक.